सटवाईचं हसू

जळबा खिल्लारे हा भित्रा पोरगा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला पोचला तरी तोंडी परीक्षेत त्याचे पाय लटपटायचे. उत्तर यायचं नाही असं नाही. यायचं, पण ओठांपर्यंत येऊन माघारी फिरायचं. परीक्षक दुसऱ्याकडे वळला की मग याला घाम फुटायचा, आणि मग रात्रभर तेच उत्तर उशीला सांगत बसायचा. आईबाप मजुरी करणारे, घराण्यातला पहिला डॉक्टर होणार म्हणून सगळ्या वस्तीचे डोळे याच्याकडे लागलेले. एवढं ओझं डोक्यावर असलं तर भल्याभल्याची मान लचकेल.

सत्त्याहत्तर सालच्या जानेवारीत कॉलेजनं अठरा पोरापोरींना महिनाभरासाठी वारंगा फाट्याजवळच्या खेड्यातल्या दवाखान्यावर पाठवलं. बाकीच्यांना ती शिक्षा वाटली. जळबाला मात्र बरं वाटलं, कारण त्याची थोरली बहीण पद्मा, म्हणजे त्याची आक्का, तिथून सहा मैलांवर, पांगरीला दिलेली होती. आणि तो तिथं पोचला त्याच आठवड्यात तिला मुलगा झाला.

मुलगा आठ दिवसांचा झाला त्या दिवशी सकाळी सातला जळबा फाट्यावर चहा पीत उभा होता, तर समोरून दाजी सायकल ढकलत आले. दाजी म्हणजे सोनाजी, पद्माचा नवरा. सायकलला पिशवी लटकलेली, तोंडभर हसू.

"काय मामा!" सोनाजी लांबूनच ओरडला. "भाचा झाला तरी तोंड दाखवायला येईना तुमी! डाक्टर झाले म्हून काय आमाला इसरले का?"

"रविवारी येतो, दाजी. सरांनी सुट्टीच दिली नाही. लेकरू कसंय?"

"झकास! काल सांजंपासून नुसतं हासून राहिलं. माय म्हनती, सटवाई हासवून राहिली त्याला." मग इकडंतिकडं बघून त्यानं आवाज खाली आणला. "तुमी कुटं बोलू नका बरं. आमी घरात बुद्धाची तसबीर लावली, अन् मायनं पाचवीला चुलीमागं गुपचूप सटवाई पुजली. काय सांगावं तिला!"

जळबा हसला. बाळ झोपेत हसलं की सटवाई हसवते आणि दचकून रडलं की तीच रडवते, असं न म्हणणारी म्हातारी आपल्या मुलखात शोधून सापडायची नाही. धर्म बदलला तरी म्हाताऱ्यांच्या चुलीमागचं एवढ्या लवकर कुठं बदलतं?

"दूध पितं ना नीट?" त्यानं आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"कालपातूर वढवढून पेत व्हतं. आज सकाळपासून तोंडात घेईना. पोट भरलं आसंल." सोनाजीनं पिशवी थोपटली. "बारशाचं सामान न्यायला आलो. या बराबर."

सोनाजी पुढं गेला आणि जळबानं दुसरा चहा मागवला. आक्काचं लेकरू हसतंय हे ऐकून त्याचा जीव सुपाएवढा झाला होता. त्याला कारणही होतं. याच्या आधीची आक्काची दोन लेकरं गेली होती. पहिलं नऊ दिवसांचं, दुसरं बारा दिवसांचं. दुसऱ्या वेळी तर लोक तिच्या तोंडावर काही बोलत नव्हते, पण सकाळी तिचं तोंड बघायला टाळत होते. आता हे तिसरं. हेही गेलं तर सखुबाई, म्हणजे तिची सासू, मुलाचं दुसरं लग्न लावायला कमी करणार नव्हती.

नऊ वाजता वर्ग भरला. वर्ग म्हणजे दवाखान्यामागची एक लांबट खोली, खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केलेला. शिकवायला व्यंकटराव सर होते. पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. पण त्या वर्षी त्यांच्या डोक्यात नवंच खूळ शिरलं होतं. ते म्हणाले, "मी आजपासून शिकवणार नाही. मी अडचण देणार, तुम्ही ती सोडवायची. पुस्तक नंतर उघडायचं, आधी डोकं."

अठरा जणांचे त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटाला एक कागद दिला, त्यावर आजाऱ्याची हकीकत लिहिलेली. दुसऱ्याला टेपरेकॉर्डर. तिसऱ्याला भिंतीवर दाखवायची एक स्लाइड. आजारी एकच, मागच्या वर्षीचं एक लेकरू. पण कागदवाल्यांनी टेप ऐकायची नाही, टेपवाल्यांनी चित्र बघायचं नाही, चित्रवाल्यांनी कागद वाचायचा नाही. तासाभरानं एकत्र बसायचं.

"हे शिकवणं म्हणायचं का कोडी घालणं?" कुणीतरी मागून पुटपुटलं.

जळबा टेपच्या गटात पडला. ओसरीवर सहा जण टेपभोवती डोकी जोडून बसले. बटण दाबलं तर आधी एका म्हातारीचा आवाज आला. ती सूनबाईचं सगळं स्वतःच सांगत होती, सून गप्प. आपल्याकडे सासू असताना सून डॉक्टरपुढं बोलते थोडीच! मग लेकराचं रडणं आलं. बारीक, चिरकं, तोंड न उघडता रडल्यासारखं. तेवढ्यात घरात कुठंतरी भांडं पडलं, ठण्णकन. आणि रडणं मध्येच तुटलं. थांबलं नाही, तुटलं. घशात कुणी बोळा कोंबावा तसं. पाच-सहा श्वास नुसती घुरघुर, मग पुन्हा तेच चिरकं रडणं.

जळबानं टेप परत फिरवायला लावली. दाराची कडी वाजली तेव्हाही तसंच झालं होतं. कुणीतरी खोकलं तेव्हाही तसंच. त्यानं वहीत लिहिलं, 'तीन वेळा आवाज, तीनही वेळा रडणं तुटतं.' लिहिलं आणि हातानं झाकून ठेवलं. गटातला एक चुणचुणीत पोरगा म्हणाला, "पोटात कळ येत असणार." सगळ्यांनी माना डोलावल्या. जळबानंही डोलावली. आता काय म्हणावं अशा माणसाला!

तास भरला, सगळे अंधाऱ्या खोलीत जमले. कागदवाले म्हणाले, लेकरू आठ दिवसांचं, काल व्यवस्थित पीत होतं, आज पीत नाही, म्हणजे आईचं दूध आटलं. टेपवाले म्हणाले, पोटदुखी. चित्रवाल्यांनी तर हसतच सांगितलं, "सर, आमचं लेकरू ठणठणीत आहे. तुम्ही आम्हाला चुकीची स्लाइड दिली."

"बघू या," सर म्हणाले आणि त्यांनी ती स्लाइड भिंतीवर टाकली.

भिंतभर एक लेकरू हसत होतं. "अय्या, किती गोड!" एक मुलगी म्हणाली, आणि खरंच सगळ्यांच्या तोंडून तसंच काहीतरी निघालं. सरांनी कुणाला गप्प केलं नाही. त्यांनी फक्त टेपचं बटण दाबलं.

भिंतीवर ते हसणारं तोंड, आणि कानात ते चिरकं रडणं. दोन्ही एकदम. खोलीतलं हसू एका क्षणात मावळलं. आता नीट बघितल्यावर दिसायला लागलं. ओठ दोन्हीकडं ताणलेले, पण गालांत हसू नाही. भुवया वर चढलेल्या, डोळे घट्ट मिटलेले, मुठी आवळलेल्या. मग टेपमधलं भांडं पडलं, ठण्णकन, आणि रडणं तुटलं. पुढच्या बाकावरच्या मुलीनं तोंडावर हात घेतला.

"हसणारं लेकरू असं रडतं का?" सरांनी विचारलं.

 जळबाला पुढचं काहीच ऐकू आलं नाही, सकाळचं सोनाजीचं बोलणं तेवढं कानात घुमायला लागलं. काल सांजंपासून नुसतं हासून राहिलं. सकाळपासून तोंडात घेईना. कागद आणि स्लाइड, दोन्ही आज सकाळीच फाट्यावर सायकल ढकलत त्याच्यासमोर आली होती, आणि हा शहाणा चहा पीत हसत होता! त्याला अजून एक आठवलं, आणि ते फारच वाईट होतं. आक्काचं पहिलं लेकरू बघायला तो शाळेत असताना गेला होता. तेही हसत होतं. त्यानं त्याच्या हनुवटीला बोट लावून म्हटलं होतं, "आक्का, हे तर मला बघून हसतंय."

"ते लेकरू वाचलं का, सर?" कुणीतरी विचारलं.

"नाही." सरांनी टेप बंद केली. "फोटो मीच काढलाय. आजार कळला म्हणून नाही काढला. हसरं लेकरू दिसलं म्हणून काढला. मला कळायला तीन दिवस लागले. आता सांगा, काय झालं होतं त्याला?"

जळबा उभा राहिला. पाय लटपटत होतेच.  सगळ्यांच्या माना वळल्या, कारण हा पोरगा आपणहून उभा राहिलेला कुणी कधी पाहिला नव्हता.

"बोल, खिल्लारे."

"सर, जीप," जळबा म्हणाला.

"काय?"

"सर, जीप द्या. माझ्या आक्काचं लेकरू. आठ दिवसांचं. काल सांजंपासून हसतंय." आणि मग इतका वेळ दाबलेलं एकदम फुटलं. "धनुर्वात, सर! नाळ कापली तिथनं. जीप द्या, सर, पाया पडतो."

सरांनी पिशवी उचलली, आणि दारातनंच मोहनसिंग ड्रायव्हरला हाक मारली. वर्ग तसाच अंधारात बसून राहिला.

सहा मैलांचा तो रस्ता म्हणजे नुसते खड्डे आणि धूळ. जळबा देवाला मानत नव्हता, तरी त्या दिवशी त्यानं कुणाकुणाला हाका मारल्या ते त्यालाच ठाऊक. चूक निघू दे. सगळा वर्ग हसला तरी चालेल, सर ओरडले तरी चालेल, पण मी चुकलेला असू दे. तोंडी परीक्षेत त्यानं कधी एवढ्या जोरानं चुकायची इच्छा धरली नव्हती.

पांगरीत घरापुढं बायका बसल्या होत्या. सखुबाई लगबगीनं उठली. "या, या! मामा आला, संगं मोठे डाक्टर बी आले! बगा तरी आमच्या राजाला, कसा गालात हासून राहिला."

आत आक्का भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर लेकरू. तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं की जळबाला उंबऱ्यातच थबकावं लागलं. "जळबा, आलास का?" ती म्हणाली. "बग ना, तुज्यावानी हासतंय."

त्यानं बघितलं. तेच ते. भुवया वर, ओठ ताणलेले, मुठी घट्ट. सकाळची भिंत आक्काच्या मांडीवर येऊन निजली होती. पण अजून एक गोष्ट करायची राहिली होती, टेपमधल्या आवाजाची. सर मागं उभे होते, त्यांनी पुढं होऊन काही केलं नाही. जळबाकडं नुसतं बघितलं.

टाळी वाजवायला माणसाला काय लागतं? दोन हात. भजनात लहान पोरंसुद्धा वाजवतात. पण जळबानं हात उचलले आणि ते तसेच अधांतरी राहिले. टाळी वाजवली नाही तोवर लेकरू हसत होतं. तोवर आक्का सुखात होती. एकदा वाजली की संपलं.

"काहून असा उबा राहिलास?" आक्का म्हणाली. तिच्या आवाजात आता भीती आली होती.

त्यानं डोळे मिटले आणि टाळी वाजवली.

लेकरू ताठ झालं. आक्काच्या मांडीवरून उचललं गेल्यासारखं पाठीत वाकलं, डोकं मागं गेलं, ओठ निळे पडले, आणि त्यातही ते हसूच होतं. आक्का किंचाळणार तोच जळबानं तिच्या तोंडावर हात ठेवला. "ओरडू नको, आक्का! आवाज झाला की पुन्हा येईल. अजिबात आवाज करू नको." तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि डोळ्यांनी रडायला लागली.

सखुबाईला काही उमगेना. "काय केलंस रे माज्या लेकराला? सटवाई हासवत व्हती, तू तिला रुसवलंस!"

"सटवाई नाही हसवत, आत्या!" जळबा दात ओठ खाऊन, पण कुजबुजतच म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो वडीलधाऱ्या माणसावर चिडला होता. "नाळ कशानं कापली?"

"इळ्यानं. आमच्या घरचाच इळा, चांगला पाजळलेला. वरून गोवरीची राख लावली. पयल्या दोगांची बी तशीच कापली..." म्हातारी बोलता बोलता थांबली. तिनं जळबाकडं बघितलं, मग सुनेकडं बघितलं, आणि पदर तोंडाला लावला. ती मटकन खाली बसली. व्यंकटराव सर हळूच म्हणाले, "मावशी, मला तीन दिवस कळलं नव्हतं. तुम्ही रडू नका. आत्ता रडायचं नाही."

सरांनी लेकराला फिटावरचं इंजेक्शन दिलं, कानांत कापसाचे बोळे घातले, डोळ्यांवर काळं फडकं टाकलं. नांदेडचा मोठा दवाखाना गाठायचा होता, पंचवीस-तीस मैल. मोहनसिंगला त्यांनी एकच गोष्ट बजावली. हॉर्न वाजवायचा नाही.

मोहनसिंगला हॉर्नशिवाय गाडी चालवायला सांगणं म्हणजे कोंबड्याला आरवू नको म्हणण्यातला प्रकार. पण त्या दिवशी त्यानं हॉर्नवरचा हात उचलून मांडीखाली घेतला आणि एका हातानं गाडी हाकली. मागं आक्का, तिच्या मांडीवर लेकरू, शेजारी जळबा. कुणी खोकत नव्हतं. खड्डा आला की जळबा लेकराखाली दोन्ही हात धरून झटका स्वतः घ्यायचा. दर मिनिटाला तो वाकून बघायचा, छाती हलते का. मग आक्का त्याच्याकडं बघायची, आणि तो मान हलवायचा. हलते. अजून हलते.

फाट्याच्या अलीकडं रस्त्यात म्हशी आल्या. चांगल्या तीस-चाळीस, रस्ताभर पसरलेल्या. मोहनसिंगचा हात सवयीनं हॉर्नकडं गेला आणि जळबानं मागनं वाकून तो हवेतच धरला. मग हा भित्रा पोरगा खाली उडी मारून पुढं धावला. ओरडायचं नाही, हाकारायचं नाही, तर म्हशी हलवायच्या कशा? त्यानं शर्ट काढला आणि दोन्ही हातांनी फिरवत म्हशींच्या अंगावर धावत सुटला. शिंगांची, लाथांची शुद्ध नव्हती. गुराखी बघतच राहिला. उघड्या अंगानं, तोंडातून आवाज न काढता नाचणारा माणूस त्यानं जन्मात पाहिला नसेल. रस्ता मोकळा झाला. फाट्यावर सोनाजी पिशवी घेऊन अजून सामानच घेत होता. जीप थांबली, जळबानं ओठांवर बोट ठेवलं, आणि तो काहीच न विचारता चढला. 

दवाखान्यात एक अंधारी खोली मिळाली. नाकातनं नळी, नळीतनं आईचं काढलेलं दूध, औषध, इंजेक्शनं. दाराला पोतं बांधलेलं, वाजू नये म्हणून. पहिले चार दिवस डॉक्टर जळबाशी नीट बोलतसुद्धा नव्हते, आणि त्याला कळत होतं काहून बोलत नाहीत ते. या वयात यातून फार थोडी वाचतात, हे त्यानं आता पुस्तकातही वाचलं होतं. नवव्या दिवशी आक्काचं पहिलं लेकरू गेलं होतं, म्हणून नववा दिवस त्यांनी श्वास रोखून काढला. बाराव्या दिवशी दुसरं. तो दिवसही गेला. आक्का अनवाणी फिरायची, बांगड्यांना चिंध्या बांधून. दवाखान्यात आल्यापासून एकविसाव्या दिवशी दुपारी ती व्हरांड्यात धावत आली आणि मोठ्यानं ओरडली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

"जळबा! गेलं रे हासू! लेकराचं हासू गेलं!"

जळबा आत धावला. लेकरू भुकेनं तोंड वेडंवाकडं करून रडत होतं. आक्का हसत होती आणि सोनाजी भिंतीला डोकं टेकून हमसाहमशी रडत होता. दुसऱ्या रुग्णाचे लोक दारातनं डोकावले. यांना काय झालंय, कुणाला कळेना.

बारसं चैत्रात झालं. व्यंकटराव सर कॅमेरा घेऊन आले. त्यांच्याकडं त्या आजाराची एकच स्लाइड होती, गेलेल्या लेकराची. आता त्यांना पोरापोरींना वाचलेलंही दाखवायचं होतं. भिंतीवरच्या त्या हसऱ्या लेकराचं जळबानं आक्काला सगळं सांगितलं होतं. लेकराला नवं झबलं घातलं, आक्का अंगणात उजेडाला त्याला घेऊन बसली. लेकरू तिच्याकडं बघत होतं, आणि एकाएकी गालांत खळ्या पाडून हसलं. खरंखुरं, डोळ्यांतनं हसलं.

"काडा, काडा सर!" सोनाजी ओरडला. "हासून राहिला बगा! लई गोड फोटू येईल."

"न्हाई." आक्काचा चेहरा पांढराफटक पडला होता. "हासताना नगं."

"अगं, आता बरं आहे ते, आक्का," जळबा म्हणाला. "हे साधं हसू आहे."

"म्या काय म्हनून राहिले?" ती त्याच्यावर खेकसली. "तुमच्या वर्गाच्या त्या अंधाऱ्या खोलीत कुनी बी हासनारं लेकरू बगून गोड म्हनायचं न्हाई. माज्या दोगांना म्या सोता गोड म्हनलं." आणि तिनं झबल्याखाली हात घालून लेकराच्या मांडीला कचकन चिमटा काढला. लेकरानं क्षणभर दम धरला, मग तोंडाचा भला मोठा आ वासून असा टाहो फोडला की म्हातारी घरातनं धावत आली. लाल हिरड्या, थरथरणारी जीभ, सगळं दिसत होतं.

"आता काडा, सर," आक्का म्हणाली.

सरांनी फोटो काढला. मग आक्कानं लेकराला छातीशी घेतलं, झबलं वर केलं आणि मांडीवर उठलेल्या त्या लाल खुणेवर फुंकर घालत, रडत, बराच वेळ तशीच बसून राहिली.